गिऱ्हाइकाचं ‘काहून’

टार्गेट हुकलं की आमच्या धंद्यातला माणूस आधी हवामानाला शिव्या घालतो. मीही घातल्या. मी फवारणीचे बॅटरी पंप विकतो. घर अकोल्याला, ऑफिस अमरावतीला आणि गिऱ्हाईक वरूडच्या संत्राबागांपासून अचलपूरपर्यंत पसरलेलं. महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये आमच्या पुण्याच्या साहेबांनी विचारलं, ‘का हुकलं?’ मी पाऊस, संत्र्याचे भाव, दुसऱ्या कंपन्या, दिसेल त्याच्यावर खापर फोडलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढचा महिनाही असाच गेला तर माझी बदली मराठवाड्यात होईल, असं सांगितलं. बायकोची शाळेतली नोकरी अकोल्यात. म्हणजे ती इथं आणि मी तिकडं खोली घेऊन. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नव्या महिन्याचा पंधरवडाही असाच गेल्यावर एका रविवारी आम्ही दोघं मिक्सर घ्यायला बाजारात गेलो. पहिल्या दुकानात बायको गोड हसली, ‘छान आहे हो, पाहून सांगते’ म्हणाली आणि बाहेर पडली. दुसऱ्या दुकानात मात्र तिनं दुकानदाराला घाम फोडला. भांडं लहान काहून, आवाज एवढा काहून, वायर आखूड काहून. आता जुंपते, असं वाटून मी तिला कोपरानं ढोसलं. पण ती मिक्सर घेऊनच उठली. बाहेर आल्यावर मी विचारलं की, घ्यायचाच होता तर एवढी भांडली कशाला?

“भांडली कुठं मी?” ती म्हणाली. “ज्याले घ्याचंच नाही, तो कायले काहून काहून करन?”

मी मिक्सरचं खोकं छातीशी धरून भर रस्त्यात थांबलो. मागून ऑटोवाला ओरडला, पण मला शुद्ध कुठं होती! पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की, गिऱ्हाइकानं ‘का’ म्हटलं की ती हरकत समजायची आणि लगेच परतवायची. ते मी इतकं मनावर घेतलं की, जन्मभर ऐकलेलं आमचं वऱ्हाडी काहून मला भांडणासारखं ऐकू यायला लागलं. ‘मस्त हाय भाऊ, पाहू’ म्हणणाऱ्यांच्या मागं मी महिनाभर पेट्रोल जाळलं. आणि काहून विचारणाऱ्यांशी हुज्जत घालून तरातरा निघून आलो. वरूडच्या एका काकांना तर, तुम्हाला नवीन काही कळायचंच नाही, असं सुनावून आलो होतो. अरे, ते काका पंप घेत होते! मला इतका आनंद झाला की मी तिथंच बायकोला रसवंतीवर नेलं. तिला कशाचा काही पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून मोटरसायकल काढली आणि थेट वरूड गाठलं. काका बागेतच होते. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी आधी माफी मागितली, मग पंप त्यांच्याच पाठीवर चढवला. त्यांचं सुरू झालं. जड काहून हाय? पट्टा काचते काहून? एकेका काहूनला माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या. बॅटरी मोठी म्हणून जड आहे, दिवसभर पाठीवर वागवणं जमत नसेल तर घेऊ नका, असंही मी सांगून टाकलं. काकांनी पंप घेतला आणि वर मला आपल्या भावाच्या बागेतही घेऊन गेले. मग काय, जिथं जिथं भांडून आलो होतो, ती सगळी दारं मी नव्यानं वाजवली.

तरी टार्गेट थोडक्यात हुकलंच. निम्मा महिना आधीच गेला होता. साहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, ‘का?’ या वेळी मी पावसाचं नाव काढलं नाही. मिक्सरपासून काकांपर्यंत सगळं खरं सांगितलं आणि मला इथंच राहू द्या, असंही म्हणालो. साहेब ‘छान, पाहू’ म्हणाले असते तर मी त्याच दिवशी बॅग भरायला घेतली असती.

“पण पुढच्या महिन्यात होईलच, हे मी का मानू?” साहेबांनी विचारलं.

मी खुर्ची ओढून ऐसपैस बसलो. गिऱ्हाईक घेणार होतं.