मावशींच्या लॅपटॉपचा परवाना

नव्वदच्या दशकाच्या शेवटी साऱ्या डोंबिवलीत ऑपरेटिंग सिस्टिमचा खरा परवाना जपून ठेवणारं माणूस शोधायला कुणी निघालं असतं, तर ते माझ्या बायकोच्या मोठ्या मावशींच्या दारात येऊन थांबलं असतं, आणि मावशींनी त्याला आधी पाय पुसायला सांगितलं असतं. आम्ही बाकीचे सगळे एकमेकांच्या कॉपी केलेल्या सीड्यांवर जगत होतो. कोलशेतच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. माझ्याकडची एक सीडी कल्याणपर्यंत किती घरं फिरून आली, ते मलाही सांगता आलं नसतं.

मावशी बाळकुमच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. खडूचा तुकडा चुकून पर्समधून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी तो फळ्याखाली परत जायचा. लोणच्याची कृती कुणाकडून घेतली, तर पुढे दुसरीला सांगण्याआधी त्या मूळ बाईंची परवानगी. एकदा माझ्या बायकोने अशीच एक कृती मागितली, तर मूळ बाई लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेल्या. त्या परतेपर्यंत कैऱ्या संपल्या. भाच्याने परदेशातून येऊन आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला, तेव्हा मावशींनी पहिला प्रश्न केला, "ह्याच्या आत जे आहे, तेही तुझंच आहे ना?" त्याने परवान्याचा लांबलचक नंबर छापलेली पुस्तिका काढून दिली. ती रेशनकार्ड आणि काकांच्या मृत्यूचा दाखला ह्यांच्यामध्ये जाऊन बसली.

शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिकेत सगळ्या माजी विद्यार्थ्यांची नावं देण्याचं काम मावशींनी अंगावर घेतलं होतं. रविवारी मी कल्याणहून मदतीला जायचो. महिनाभरात त्या माझ्यापेक्षा भरभर टाइप करू लागल्या, आणि माझ्याकडे फक्त चहा पिण्याचं काम उरलं. समारंभ दीड महिन्यावर आला असताना एके सकाळी लॅपटॉप चालूच होईना. आम्ही तो ठाण्याला स्टेशनजवळ एका दुकानात नेला. दुकानदार मावशींचाच जुना विद्यार्थी. त्याने मशीन उघडून पाहिलं.

"मदरबोर्ड गेलाय, बाई. तुमची नावं हार्ड डिस्कवर शाबूत आहेत. पण असा बोर्ड मिळायला वेळ लागेल. तोवर डिस्क दुसऱ्या मशीनला लावतो, माझ्याकडची सीडी टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"ती सीडी तुझी आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"सगळे तेच करतात, बाई."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही."

"तसंही बोर्ड बदलला की कंपनीच्या हिशेबी मशीनच नवीन. तुमचा परवाना मग कुठे चालणार?"

तो हे बोलला मावशींना वळवायला, पण त्यांना पत्राचा विषय मिळाला. घरी येऊन त्यांनी कंपनीला रजिस्टर्ड पत्र लिहिलं: मदरबोर्ड बदलल्यास माझा परवाना राहतो की जातो, ते कृपया कळवावे. मी नवी कवळी बसवली, तरी माझे रेशनकार्ड तेच चालते, म्हणून विचारते. शेवटचं वाक्य काढा असं मी सुचवलं. त्यांनी काढलं नाही.

उत्तर येईना, आणि खरा परवाना असलेलं दुसरं मशीन आमच्यात कुणाकडे नव्हतं. मग मावशी वही घेऊन बाळकुमला निघाल्या आणि घरोघर फिरून पहिल्यापासून नावं लिहू लागल्या. एका रविवारी मी बरोबर होतो. खाडीकडच्या गल्लीत एक कोळीण ओट्यावर मासळी साफ करत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाई, माझा नाव हाय का त्यात? मी तिसरीतच सोरली शाला."

मावशींच्या लॅपटॉपमधल्या यादीत फक्त सातवी झालेली मुलं होती. "तिसरीपर्यंत होतीस ना," त्या म्हणाल्या, "मग आहे." आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नाव लिहिलं. त्या दिवसापासून अर्ध्यात शाळा सोडलेल्यांची विचारपूस सुरू झाली आणि एकीच्या दोन वह्या झाल्या. स्मरणिका त्या वह्यांवरूनच छापली गेली. समारंभाला ती कोळीण पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीने नाव शोधून दिल्यावर भाषणं संपेपर्यंत तिने त्या ओळीवरचं बोट उचललं नाही.

कंपनीचं उत्तर त्यानंतर आलं. नादुरुस्त बोर्डाच्या जागी त्याच मॉडेलचा बोर्ड बसवला, तर परवाना कायम राहतो. तोवर दुकानदारानेही तसाच बोर्ड मिळवला होता. कुठून आणला हे मावशींनी विचारण्याआधीच त्याने पावती पुढे केली. मशीन सुरू झालं. मावशींनी चष्मा लावून पडद्यावरचा नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. आम्ही निघताना दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुकानात आता ओरिजिनलच ठेवायचं म्हणतोय. जमेल तसं."

मशीन बघायच्या निमित्ताने माझे रविवार चालूच राहिले. वर्षभराने मावशींनी लॅपटॉप शाळेला देऊन टाकला, पुस्तिका आणि कंपनीच्या पत्रासह. परवान्याचा हक्कही शाळेला देत आहे, असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली. घरी परत आल्यावर त्या रिकाम्या टेबलावरून फडकं फिरवत म्हणाल्या, "आता तुम्ही कशाला येणार इकडे, जावईबापू?"

"चहाला येईन की."

"या."

गेलो. पहिले काही रविवार नेमाने गेलो, मग महिन्यातून एकदा, मग सणावाराला. दार उघडल्यावर त्या हसून आधण ठेवायला आत वळायच्या. इतक्या दिवसांत का आला नाहीत, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.