तेवीस जोड्यांचा मास्तर

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या साळ्याएवढा शिकलेला आणि त्याच्याएवढा बिनकामाचा माणूस दुसरा नसेल. बायकोचा हा धाकटा भाऊ पुसदला शाळेत विज्ञान शिकवायचा, आता रिटायर आहे. मी चौथीत शाळा सोडली, तरी बीजाची पेशी कशी फुटते ते मला पाठ आहे, कारण या माणसाला दुसरा विषयच नाही. कपाशीचं बोंड उकललेलं दिसलं की हा थांबणार, चार पाकळ्या मोजणार आणि सांगणार, एका पेशीच्या अशाच चार होतात, पण प्रत्येकीत माल निम्माच. एकदा भर वेचणीत बाया हे ऐकत उभ्या राहिल्या. मी बांधावरून शिव्या घातल्या, तर मलाच विचारतो, "भाऊजी, निम्माच काहून, सांगा बरं?" मग स्वतःच सांगितलं. आईकडून पुरा आणि बापाकडून पुरा आला, तर दर पिढीला दुप्पट होईल.

आर्णीच्या एका लग्नात तर कहर केला. मांडवाबाहेर पाहुण्यांच्या चपलांचे तेवीस जोड ओळीनं लावले आणि बँडवाल्यांना म्हणाला, पेशीत गुणसूत्रांच्या अशाच तेवीस जोड्या. डावी आईची, उजवी बापाची. जोड फुटायच्या आधी दोघी एकमेकींना चिकटून आपले तुकडे बदलतात. ते दाखवायला चपला कापाव्या लागल्या असत्या, म्हणून तेवढं तोंडी सांगितलं. मग डोळे मिटून प्रत्येक जोडातली एकेक उचलली, डावी येवो की उजवी, आणि वेगळा ढीग केला. म्हणून म्हणे एकाच आईबापाची दोन लेकरं सारखी निघत नाहीत. तोवर पंगत उठली. नवरदेवाचा मामा एक काळी आणि एक तपकिरी घालून उमरखेडच्या एसटीत बसला.

माझी बायको मात्र भावाचं सगळं खरं मानायची. आम्हाला मूल झालं नाही. तेवीस हा आकडा ऐकून तिच्या मनात भलतंच बसलं. पत्रिकेत आमचे अठराच गुण जुळले होते. पाच कमी पडले म्हणून कूस उजवली नाही, असं ती धरून बसली. कितीतरी वर्षं, मला न सांगता. एक दिवस तिनं भावालाच विचारलं. तेव्हा हा गावभर बडबडणारा माणूस पहिल्यांदा हळू बोलला. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. "बाई, ते गुण भटजीचे. हे गुणसूत्र अलग. तुह्यात कायीच कमी नोतं." ती हसली, मग पदरानं डोळे पुसत राहिली.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. त्यानंतर एका रविवारी मी त्याला तोडूनच बोललो. म्हटलं, लेकरू असतं तर तिचं नाक, तिची चाल कुठंतरी दिसली असती. तुझ्या एवढ्या शास्त्रात माझ्यासाठी काय आहे?

"बाई न् मी एकाच आईबापाचे," तो म्हणाला. "अदमासे अर्धी बाई माह्यात आहे, भाऊजी. म्हणून तर दर रविवारी येऊन राह्यलो."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. टक्कल, ढेरी, कानावर केस. तिचं काही दिसलं नाही, आणि तसं तोंडावर सांगितलंही. पण आता तो पुसदच्या एसटीसाठी उठला की मी म्हणतो, बस ना जरा, कायची घाई आहे. तो बसतो. बोलतो पेशीचंच. मी ऐकत नाही, नुसता पाहत असतो.