एका घड्याळावर चार कढया

आमची सून घरी बसून कंपनीचं काम करते. काम काय, तर म्हणे एकाच मोठ्या कम्प्युटरच्या पोटात कितीतरी खोटे कम्प्युटर चालतात. प्रत्येकाला वाटतं, यंत्र माझ्या एकट्याचं. प्रत्येक जण आपापला गजर लावतो, आणि खरं घड्याळ मात्र एकच. ते सगळ्यांना पुरवायचं, हे हिचं काम.

मला हे समजायला वेळ लागला न्हाई बरं का. हळद शिजवताना आमच्या चार कढया पेटलेल्या असतात आणि माझ्या हातात गजराचं घड्याळ एक. जिची वेळ आधी भरते तिचा गजर लावायचा. तो वाजला की लगेच पुढच्या कढईचा.

त्या दिवशी पोरगी रडवेली झाली होती. तिनं लिहिलेला प्रोग्राम तपासणीत दोनदा नापास होऊन परत आलेला. संध्याकाळपर्यंत जमलं न्हाई तर काम काढून दुसऱ्याला देणार होते. एखादा खोटा कम्प्युटर मधेच थांबवून पुन्हा चालू केला, की त्याची वेळ भरायच्या आधीच गजर वाजे.

चहा देता देता तिनं विचारलं, "आत्या, कढईखालचा जाळ विझला तर तुमी काय करता?"

"उरलेली मिनिटं खडूनं कढईवर लिहिते. जाळ लागला की तिथून पुढं मोजते. एका साली न्हाई लिहिली, तर गजर वाजला अन् हळद कच्ची!"

"काडी घुसंना तिच्यात," हिचे सासरे बाजेवरून बोललेच. "अख्ख्या गावाला दाखवली मी."

"दाखवा अजून! जाळ कुणी विझू दिला, ते बी सांगा."

सून हसली, आणि हसता हसता थांबली. "आत्या, मी गजर किती वाजता ते लिहून ठेवलं. उरलं किती, ते लिहिलंच न्हाई!" कप तसाच ठेवून ती आत पळाली.

दिवस मावळायच्या आत तिसरी तपासणी झाली. पास! मग साहेबाला ती इंग्रजीत समजावून सांगत होती, मी दारात उभी. एक अक्षर कळलं न्हाई, पण मधेच 'हळद' ऐकू आलं आणि पलीकडून साहेब हसला. घड्याळाचं सगळंच काम आता हिच्याकडं आलंय.

परवा वसमतच्या स्टँडवर एका बाईनं विचारलं, सून काय करते? म्हटलं, "बसा, सांगते." तिची बस निघून गेली, पण तिला सगळं कळलं.