बेटावरच्या बोआचं शेवटचं वेत

पार्सिपनीच्या आमच्या बेसमेंटमध्ये मी बोआ पाळतो. अजगराच्या नात्यातले, बिनविषारी, रीतसर परमिट काढून. याचं डोकं फिरलंय असं लोकांना वाटतं, वाटू दे! मला रंगीबेरंगी भेसळ नको. बेलिझजवळच्या एका चिमुकल्या बेटावरचा बोआ त्याच बेटावरच्या बोआशी लावायचा, हा माझा हट्ट. कोण कुणाच्या पोटचा, कुठला, याचा माग अंगावर दिसत नाही. तो डब्यावरच्या लेबलवर असतो.

ती जोडी मला पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त शिक्षकांनी दिली. तीस वर्षं त्यांनी हा वंश जपला होता. हात थरथरायला लागले तेव्हा माझ्याकडे सोपवला. पहिल्याच हिवाळ्यात नर गेला. मादी गाभण होती. उन्हाळ्यात तिला अकरा पिल्लं झाली आणि आठवड्याभरात तीही गेली. राहिली ती अकराच, प्रत्येक आपापल्या डब्यात. नेमकी त्याच सुमारास माझी निकाराग्वाची मादीही व्याली. तिची तेरा. नवी पिल्लं इतकी सारखी दिसतात की मीसुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हा नागपूरहून आई आली होती. पहिले दोन दिवस तिनं जिन्यावरूनच नमस्कार केला, मग बिनधास्त खाली यायला लागली. नव्या भांड्यावरचं लेबल खरवडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. एका दुपारी मी ऑफिसातून आलो तर चोवीस डबे लखलखीत, आणि लेबल एकावरही नाही.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"अरे, किती चिकट झाले होते! खोबरेल तेल लावून काढले सगळे कागद. झाकणं नाही हो उघडली."

"आणि डबे परत फळीवर लावलेस कसे?"

"जसे हाताला आले तसे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नको नको ते बोललो. ती फडक्यानं डबे पुसत राहिली, आणि मला आणखीच राग आला.

संध्याकाळी चहा घेऊन तीच खाली आली. "माझ्यामुळे झालं रे," म्हणाली. "पण अंदाजानं लिहून टाक ना. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणारे?"

खरं सांगतो, मोह झाला. पेन घेतलं. जरा फिकट, म्हणून बेटावरची वाटणारी अकरा वेगळी काढली. त्यातल्या आठांबद्दल जवळजवळ खात्री होती. जवळजवळ! त्या एका शब्दापाशी मी अर्धा तास बसलो. मग ती आठही परत बाकीच्यांत ठेवली आणि चोवीस डब्यांवर एकच लिहिलं: मूळ ठाऊक नाही. आईच्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांना फोन केला. लेबलं, तेल, सगळं सांगितलं. तुमचा वंश माझ्या हातून संपला, असंही म्हणालो.

"पिल्लं खातायत का नीट?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळी खातायत."

"मग झालं," ते म्हणाले.