शेवटच्या घरातली सवाशीण

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावाबाहेरच्या माळावर आमची कॉलनी वसली. रस्ता नव्हता, झाड नव्हतं, आणि पाऊस तर फिरकलाच नाही. दुपारी टँकर यायचा. घागरी रांगेत लावून, लेकरं कडेवर घेऊन आम्ही उन्हात उभ्या राहायचो, तेवढीच आमची मैत्री. मी बोलत नसे. ऐकायचे.

शेवटच्या घरात एक नवी बाई राहायला आली. ती कधी रांगेत येईना. तिचा नवरा पहाटेच सायकलला घागरी बांधून कुठून तरी पाणी आणतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"पाणी भरत न्हाई, मग जगती कशी?" समोरची काकू म्हणाली. काकू उदगीरच्या व्यापाऱ्याच्या घरातली, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, आवाजात धाक. "अन् लुगडं बघा तिचं. भुईवर लोळतंय. पाय दिसू देत न्हाई."

"हडळीचे पाय उलटे असतेत म्हणे," मास्तराची बायको म्हणाली. "पण आमचे हे म्हणतेत, भूत नसतंय."

"मग धाड की त्यांना दुपारचं तिच्या दारात."

"नको बाई. घरात पगार त्यांचाच हाय."

पुढं त्या बाईच्या नवऱ्याला कामावर बाहेरगावी पाठवलं. तिची लेक पेला घेऊन माझ्या दारात आली. मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तेव्हा मला कळलं की त्या घरात पाणी संपलंय. मी रांगेत हळूच म्हणाले, "तिची घागर लावू का?"

"आधी पाय बघू," काकू म्हणाली. "माणूस निघाली तर लाव."

पाय बघायचे कसे, तेही काकूनंच ठरवलं. शुक्रवारी काकूच्या घरी तिला सवाशीण म्हणून जेवू घालायचं. बोलावलं तर सवाशीण नाही म्हणत नाही, आणि पाय धुतल्याबिगर पाटावर बसत नाही. पाय धुवायचं माझ्याकडं आलं, कारण नको म्हणायला मला जमत नव्हतं. पाणी काकूनं दिलं, कुरकुरत. "हडळीच्या पायावर पाणी घालायलोत अन् नातू माझा बिनअंघोळीचा."

ती आली. दारातच थांबली. मग काहीतरी ठरवल्यासारखं करून तिनं लुगडं वर घेतलं. उजवा पाय सरळ होता. डावा मी हातात घेतला, तर त्याची बोटं आत वळून मागं बघत होती.

मास्तराची बायको किंचाळली. काकूच्या हातातली कळशी पडली. दोघी एकदमच दाराकडं धावल्या आणि दारात अडकल्या. मला पळता येईना, पाय माझ्या हातात होता.

"जल्मापासून असाच हाय," ती शांतपणे म्हणाली. "एकच उलटा. अर्धी हडळ म्हना."

काकूची नजर फरशीवर गेली. "अगं बया, पाणी!" म्हणत ती गुडघ्यावर बसली. मग आम्ही सगळ्याच फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळू लागलो. सवाशीणसुद्धा.

"रांगेत का येत न्हाईस?" फडकं पिळता पिळता काकूनं विचारलं.

"लोक चाल बघतेत. नव्या गावात तरी कुनी बघू नये वाटलं."

"बघितली आता. उद्या घागर आण."

"भरलेली उचलून चालता येत न्हाई, काकू."

"रिकामी आण. भरलेली ही नेईल."

'ही' म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या पायाला हळद लावली आणि मान हलवली.

तो सगळा उन्हाळा मी माझ्या घागरींबरोबर तिच्याही घागरी वाहिल्या. संध्याकाळी दुखून पाठ टेकवत नसे. रांगेत ती काकूशी जागेवरून मोठ्यानं भांडायची, आणि काकूही तिला सोडायची नाही. घागर उतरवून ठेवली की ती मला म्हणायची, "बसा जरा." मी म्हणायचे, घरी काम पडलंय. आणि तिच्या उंबऱ्यावर बसायचे.