टाचेतली चूक

ठोकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चर्चच्या कोपऱ्यावर त्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून दिवसभर ठोक्यांचा आवाज यायचा. शिवाय पाळक प्रवचनात जे भीत भीत सुचवत, ते काका नंतर चहाच्या टेबलाशी ठोकून सांगत. त्यामुळे हे नाव पडलं आणि खिळ्यासारखं पक्कं बसलं.

त्यांची जागा शेवटच्या बाकावर, दाराशी. नव्या माणसांना वाटे, म्हातारा उशिरा येतो आणि लवकर सटकायला बघतो. खरं कारण वेगळं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांच्या हातून भाकरीचा तुकडा घ्यायला माणसं वेदीसमोरच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकतात, तेव्हा त्यांची तोंडं देवाकडे आणि बुटांचे तळ काकांकडे असतात. तोंड बघून माणूस ओळखणारे पुष्कळ, काका तळ बघून ओळखत. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांच्या बुटाचा उजवा चवडा पातळ झालेला. शिंपीणबाईंची बाहेरची कड झिजलेली, कारण रस्त्यानं चालताना त्या सतत कुणाला तरी वाट देत. दोघी जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दोघींच्या बुटांचे तळ काकांनी एकाच चामड्यातून कापलेले होते. त्या कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या की काका गालात हसत. देवापुढे माणूस गप्प राहील, पण त्याचे तळ राहत नाहीत.

चर्च तसं लहानच. भिंतीला ओल, एका खिडकीत रंगीत काचेच्या जागी साधी काच, आणि थंडीत बाकावर बसलं की पाठीतून कळ जाई. पण दार मात्र मोठ्या मनाचं. त्या दारात रविवारी एक निवृत्त नर्सबाई उभ्या राहत आणि येईल त्याला हात जोडून "या, या" म्हणत. कोट घातलेला असो की फाटका, विश्वास असलेला असो की नुसता थंडीनं आत शिरलेला, सगळ्यांना सारखंच. एकदा वाऱ्यानं दार उघडलं तरी त्यांनी सवयीनं "या" म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांचं नाव यायाबाई झालं. ही गोष्ट हसण्यावारी गेली होती. पुढे काका तिच्यावर कधी हसले नाहीत.

काकांच्या दुकानात दोन माणसं काम करत, काका आणि काकू. लोक म्हणत, जोडा शोभतो. काका म्हणत, शोभणारच, धंदाच जोड्यांचा आहे. काका तळ बसवत, टाच ठोकत. टाचेत जे बारीक खिळे जातात त्यांना चुका म्हणतात. चूक ठोकली की तिचं टोक बुटाच्या आत निघतं, ते मग बुटात घातलेल्या लोखंडी पायावर दाबून दुमडावं लागतं. एखादी दुमडायची राहून गेलीच, तर ती शोधायचं काम काकूंचं. दुरुस्त झालेला प्रत्येक बूट काकू मांडीवर घेत, आत तर्जनी घालत आणि टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश फिरवत. बोट अडलं नाही की म्हणत, "जाऊ दे." मगच बूट गिऱ्हाइकाच्या फळीवर जाई. अडलं की बूट परत काकांच्या मांडीवर. "अहो, चूक राहिली. तुम्हाला दिसत नाही, पण घालणाऱ्याला जन्मभर बोचते."

चर्चमध्ये सगळे मिळून पापकबुली म्हणत आणि "आम्ही चुकलो" या शब्दापाशी आवाज खाली जाई, तेव्हा काकू काकांना कोपरानं ढोसत. तीसेक वर्षं तोच विनोद आणि तीसेक वर्षं तेच हसू. संसार म्हणजे दुसरं काय असतं.

मग काकूंना ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. जाण्याआधी त्या एवढंच म्हणाल्या होत्या की मला माझे तपकिरी बूट घाला, पण तळ नवे लावा, झिजलेल्या तळांनी मी कुठे जायची नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या खिडकीशी बसून उत्तम चामडं कापलं. डोळ्यांना धार लागली होती, तरी तळ असे बसवले की तसे आयुष्यात कुणाला बसवले नव्हते. डाव्या टाचेतली शेवटची चूक ठोकत होते तेवढ्यात शवपेटीवाले आले, म्हणाले, आटपा, पाळक थांबलेत. काकांनी बूट दिले. पेटी बंद झाली. स्मशानभूमीत माती टाकून झाली, लोक हात मिळवून पांगू लागले, आणि मग काकांना एकदम आठवलं. काकूंच्या बुटात बोट कुणी फिरवलंच नव्हतं.

त्यानंतर काका रविवारी यायचे, बसायचे, गाणी म्हणायचे, पण कठड्याशी जाईनात. पापकबुलीला त्यांचे ओठ मिटलेले असत. लोकांनी समजून घेतलं. शिंपीणबाई डबा पोचवत, मास्तर विनाकारण दुकानात येऊन बसत, त्या अबोल्यातल्या दोघी जावासुद्धा आळीपाळीनं डोकावत. म्हातारा दुःखात आहे, वेळ लागेल. काकांनी मात्र चुकेबद्दल कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि एका रविवारी, माणसं कठड्याशी वाकलेली असताना, काकांनी ओळीच्या डाव्या टोकाला, साध्या काचेच्या खिडकीखाली, दोन तळ पाहिले.

कोरे तळ होते. चामड्याचा रंग अजून फिका. रस्त्यावर एक पाऊल टाकलं तरी चामडं काळवंडतं, इथे धुळीचा कण नव्हता. टाचेच्या आतल्या कडेला एक जादा चूक मारायची काकांची सवय होती, ती चमकत होती. उजवी टाच सैल पडली होती. डावी मात्र दुखऱ्या पायानं धरावी तशी ताठ उचललेली होती. वर पाहावं तर खिडकीच्या उजेडात नीट काही दिसेना, कुणी आहे की नाही एवढंही कळेना. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. लोक उठून बाजूच्या वाटेनं परतले, काका एकेकाचे पाय बघत राहिले. ते बूट परत आले नाहीत.

पुढच्या रविवारी ते पुन्हा होते. त्याच्या पुढच्याही. एकदा तर गीत थांबून सगळे शांत झाले असताना बाजूच्या वाटेवर चाल ऐकू आली. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. पूर्ण, अर्धं. आयुष्यभर चालींवरून बुटांची दुखणी ओळखणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? डावी टाच बोचत होती. आता काकांना भीतीपेक्षा शरम जास्त वाटू लागली. ती जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची काळजी करत राहिली, आणि तिलाच आपण असं लंगडत पाठवलं. तिला चैन नाही ते आपल्या हातानं.

चहाच्या वेळी त्यांनी यायाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की हल्ली कुणी नवीन बाई येतात का. यायाबाई कपात साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, नवीन असं कुणी नाही, पण हल्ली दर रविवारी शेवटी एकदा त्यांच्या तोंडून "या" निघून जातं आणि समोर पाहावं तर कुणी नसतं. "वय झालं हो," त्या म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

काका उठले आणि पाळकबाईंकडे गेले. पाळकबाई वयानं लहान, या चर्चमध्ये नव्या. त्या कपाटात प्याला पुसून ठेवत होत्या. काकांनी तिथेच उभ्यानं सगळं सांगितलं, चुकेपासून तळांपर्यंत. त्यांना वाटलं होतं, बाई आता हात धरून डॉक्टरचं नाव काढतील. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मी भाकर वाटत जाते ना, काका, तेव्हा डाव्या टोकाला माझा हात आपोआप पुढे होतो," त्या म्हणाल्या. "दर रविवारी. समोर कुणी नसतं, आणि मी हात मागे घेते. मला वाटायचं, तुम्ही येत नाही म्हणून तुमची आठवण होते."

काका म्हणाले, मग आता मी करू काय. माती तर उकरता येत नाही.

"कठड्याशी जागा पुष्कळ आहे. पुढच्या रविवारी वर या. हातोडी घेऊन या."

"चर्चमध्ये हातोडी?"

"सुताराच्या पोराचं घर आहे, काका. त्याला काय नवल."

त्या रविवारी काका कोटाच्या खिशात छोटी हातोडी घालून आले. यायाबाईंनी "या" म्हटलं, आणि मागे पुन्हा एकदा, हळूच, "या." काकांनी वळून पाहिलं नाही. वेळ झाली तेव्हा ते उठले आणि सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, डाव्या टोकाला गेले. किती महिन्यांनी त्यांनी गुडघे टेकले. उजवीकडे शिंपीणबाई, डावीकडे खिडकीखालची रिकामी जागा.

ती रिकामी नव्हती. तिकडून गार वारा यावा तसा कोपराला गारवा लागला. नव्या चामड्याचा वास आला आणि त्याच्या आत ओल्या मातीचा. काकांनी मान वळवली नाही. बघायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. गुडघ्याशी काहीतरी टेकलं. त्यांनी हात खाली नेला. बूट होता. जड, ओलसर, आणि आतून बर्फासारखा गार.

काकांनी तर्जनी आत घातली, काकू घालत तशी. टाचेपाशीच बोट अडलं आणि टोक कचकन आत शिरलं. एवढीशी चूक, आणि तिनं काकूंना एवढे महिने लंगडत चालायला लावलं. त्यांनी पायरीच्या दगडावर बूट टेकवला, हातोडीचं निमुळतं तोंड आत घालून टोक आडवं केलं आणि एकच ठोका मारला. टक्. सगळ्या चर्चमध्ये तो ऐकू गेला. ऑर्गनचा सूर क्षणभर अडखळला आणि पुढे गेला. काकांनी पुन्हा बोट फिरवलं, टाचेपासून चवड्यापर्यंत, सावकाश. कुठेच अडलं नाही.

"चुकलो गं," ते म्हणाले. मग दुकानातला तो शब्द त्यांनी काढलाच, कारण तो काढल्याशिवाय बूट फळीवर जात नसे. "जाऊ दे."

हातातलं वजन गेलं.

पाळकबाई समोर थांबल्या होत्या. त्यांनी काकांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला, त्याला बोटातल्या रक्ताचा थेंब लागला. मग त्या डावीकडे वळल्या, त्यांचा हात पुढे झाला, आणि या वेळी त्यांनी तो मागे घेतला नाही. हात परत आला तेव्हा बोटांत काही नव्हतं. शिंपीणबाई डोळे मिटून होत्या. काकांनी तेवढं पाहिलं आणि तेही डोळे मिटून बसले.

जागेवर परतताना त्यांनी बाजूच्या वाटेवर चाल ऐकली. पूर्ण, पूर्ण. पूर्ण, पूर्ण. दोन्ही टाचा सारख्या वाजत दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या मातीत बुडाल्या.

चहाच्या वेळी यायाबाई त्यांना शोधत आल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"काका, आत्ता कुणीतरी माझ्या अगदी जवळून बाहेर गेलं. दिसलं नाही कुणी. पण कानाशी बोललं."

"काय बोललं?"

"'येते हं' म्हणाली."

काकांच्या हातात कप होता. त्यांनी तो खाली ठेवला. "नीट ऐकलंत ना? जाते नाही म्हणाली?"

"जाते कोण म्हणतं, काका? निघताना आपण येतेच म्हणतो."

ते काकांनाही ठाऊक होतं. निरोप घेताना सगळे तेच म्हणतात, त्याचा अर्थ जाते असाच असतो. बहुतेक तसाच असतो. पुढच्या रविवारी पापकबुलीला काकांचा आवाज सगळ्यांच्या वर आला, आणि "आम्ही चुकलो" पाशी त्यांना थोडं हसूही आलं. कठड्याशी कोरे तळ दिसले नाहीत. पण त्या दिवसापासून काका शेवटच्या बाकावर बसताना जरा सरकून बसतात, आणि शेजारी एका माणसाची जागा ठेवतात.