एलुबीचं कोंबड्याचं गाणं

एके काळी डेड्झाच्या डोंगरात एलुबी काफान्सियांजीचा आवाज ऐकला नाही असं माणूस सापडलं नसतं. तिनं उखळात मका टाकला, मुसळ उचललं आणि पहिली ओळ धरली, की समोरच्या टेकडीवरच्या बायका आपली मुसळं क्षणभर थांबवायच्या, ठेका पकडायच्या आणि तिच्या मागून म्हणायला लागायच्या. कांडताना गायलेल्या गाण्यावरून आमच्याकडे कुणी भांडायला येत नसे. आळशी नवऱ्याला टोमणा, गावप्रमुखाच्या नव्या बायकोची टिंगल, सगळं उखळापाशी चालायचं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मी मक्याशी बोलत होते."

एलुबीची जीभ तिखट होती. नवरा लैतोनी सायकलीवर जीव टाकायचा, तर तिनं त्याच्यावरही गाणं रचलं. 'माझा धनी सायकलीला रोज आंघोळ घालतो, स्वतःला मात्र सणाला.' लैतोनी ते ऐकून स्वतःच हसायचा आणि नदीवर जायचा.

तिच्या मावशीची मुलगी फायनेसी. आमच्यात मावशीची मुलगी ही सख्खीच बहीण. दोघी एका पातेल्यात जेवून वाढल्या. फायनेसी तीन वर्षांनी मोठी, म्हणून एलुबी तिला अक्का म्हणायची. देश स्वतंत्र झाला, पक्ष आला, आणि फायनेसी आमच्या भागातल्या पक्षाच्या बायकांची पुढारी झाली. तेव्हा पक्षाचं कार्ड नसेल तर बाजारात पाऊल टाकता येत नसे. गरोदर बाईला पोटातल्या बाळाचंही कार्ड घ्यावं लागे. राष्ट्राध्यक्ष कुठंही जावोत, त्यांच्या चेहऱ्याचं कापड कमरेला गुंडाळून बायकांनी नाचायला हजर राहायचं. नाही म्हणणारीच्या घरी दुसऱ्या दिवशी पक्षाची पोरं यायची.

अशा नाचाला पुढं गाणारी हवी असते. फायनेसीनं एलुबीचं नाव दिलं. नाव देताना तिला अभिमानच वाटला होता, असं तिनं पुढं सांगितलं. ते खरंही असेल.

एक्काहत्तर सालच्या जुलैत, स्वातंत्र्याच्या सोहळ्यासाठी, बायकांना न्यायला लॉरी आली. त्या आठवड्यात एलुबीची दीड वर्षांची मुलगी मेलिफा तापानं फणफणली होती. अंगावर पुरळ दिसायला लागलं होतं.

"अक्का, मी यायची नाही. गोवर आहे हिला."

"आईपाशी ठेव. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दुसरी कुणी गाईल."

"दुसरीचं नाव यादीत नाही, एलुबे. तुझं आहे. तू आली नाहीस तर लैतोनीला उद्या कुठं शोधशील?"

एलुबी लॉरीत चढली. तीन दिवसांचे अकरा दिवस झाले. रोज मैदानात उभं राहायचं, रोज तालीम, राष्ट्राध्यक्ष आज येणार, उद्या येणार. एलुबीनं त्यांच्यावर रचलेलं गाणं सगळ्यांना आवडलं. मोठ्या पुढाऱ्यांच्या बायकांनी तिला जवळ बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. हसून म्हटलं, कारण हसून म्हणायचं असा हुकूम होता.

परतीच्या वाटेवर लॉरी डोंगराच्या पायथ्याशी पाण्यासाठी थांबली, तेव्हा ड्रायव्हर तिच्याजवळ आला आणि टोपी काढून म्हणाला, "ताई, लेकराचं फार वाईट झालं. निरोप दिला तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला लगेच सोडतील."

"कुठला निरोप?"

ड्रायव्हरनं फायनेसीकडं पाहिलं. फायनेसीनं मान फिरवली. निरोप चौथ्याच दिवशी फायनेसीच्या हाती आला होता. मेलिफाला पाचव्या दिवशी पुरलं होतं. त्यानंतरचे सहा दिवस एलुबी मैदानात हसून गात होती.

ती लॉरीतून उतरली आणि उरलेला सगळा घाट चालत चढली.

चाळीस दिवस तिनं उखळाला हात लावला नाही. शेजारणी आपल्यातलं पीठ आणून देत. एके दिवशी ती उठली, टोपलीभर मका उखळात ओतला आणि गायला लागली:

*कोंबडा आरवला, अंगणात या गं,*
*अंड्यांवरची कोंबडी, नाचायला ये गं.*
*नाचनाचून कोंबडी घरट्याशी आली,*
*अंडी झाली गार, तिची अंडी झाली गार.*

पलीकडच्या बायकांनी पहिल्यांदा नुसतं ऐकलं. पक्षाचं चिन्ह कोंबडा होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग एका म्हातारीनं शेवटची ओळ उचलली. तिच्या मागून आणखी एकीनं.

पीक घरात येईपर्यंत गाणं चार डोंगर ओलांडून गेलं. बाजारात बटाटे विकणाऱ्या बायका ते गुणगुणायच्या. विहिरीवर पोरी त्यावर टाळ्या वाजवून खेळायच्या. प्रत्येकीचं काही ना काही गार झालं होतं. कुणाचं शेत नाचापायी निंदायचं राहिलं होतं, कुणाची आई एकटीच मेली होती. गाणं कुणाचं, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगत नव्हतं. फायनेसीला मात्र पहिल्या ओळीलाच कळलं. ती एकदा एलुबीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"हे गाणं बंद कर. माझ्या गळ्याशी येईल."

एलुबीचं मुसळ थांबलं नाही. "मक्याशी बोलतेय, अक्का."

महिन्याभरात फर्मान निघालं: बायकांनी मुकाट्यानं कांडावं. कांडणाच्या वेळेला पक्षाची पोरं गावोगाव फिरायला लागली. त्यांचा म्होरक्या बिझिवेक, एलुबीच्याच गावातला, तिच्या हातची न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खाऊन मोठा झालेला. तो दांडकं घेऊन अंगणाच्या कडेला उभा राहिला. त्या दिवशी गावात पन्नासेक उखळं चालू होती आणि एकीचंही तोंड उघडं नव्हतं. पण मुसळं ठेक्यात पडत होती. दोन जड, एक हलकं, मग थांबा. पुन्हा दोन जड, एक हलकं. कोंबड्याचंच गाणं. शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उमटत होते, आणि बिझिवेकच्याही डोक्यात उमटले असणार, कारण तो लालबुंद झाला.

"गाणं बंद म्हणून सांगितलं होतं ना, मावशी?"

"गातंय कोण? आमची तोंडं बघ."

"मग हा आवाज कसला?"

"कांडलं की आवाज होतो, बाळा. तुझ्या आईनं तुला न कांडताच वाढवलं होय?"

बायका खिदळल्या. हसणं बंद करायचं फर्मान अजून निघालं नव्हतं. बिझिवेकनं जवळचं उखळ लाथेनं उलटं केलं, मका मातीत सांडला आणि तो निघून गेला. गावानं तो दिवस सणासारखा साजरा केला. मक्याची दारू निघाली, लैतोनीनं सायकलीवर मागं बसवून एलुबीला साऱ्या गावातून फिरवलं. आठवड्याभरातच पोलिसांची गाडी आली.

नाव कुणी सांगितलं? फायनेसीनं. तिला जिल्ह्याला बोलावून विचारलं होतं, गाणं रचणारी तुझ्या भागातली, नाव दे, नाहीतर तुझं लिहू. तिनं नाव दिलं. या खेपेला अभिमानानं नव्हे.

जिल्ह्याच्या साहेबानं एलुबीला उभंच ठेवलं.

"कोंबडा म्हणजे कोण?"

"कोंबडा म्हणजे कोंबडा, साहेब."

"खरं सांग. कुणाला म्हणालीस?"

"कोंबड्याला. तुमच्या मनात दुसरं कोण आलं?"

कारकुनाची लेखणी थांबली. साहेबाच्या मनात कोण आलं, हे कागदावर लिहायची सोय नव्हती. लिहिलं असतं तर लिहिणाराच आत गेला असता. साहेबानं तिच्या थोबाडीत मारली आणि कागदावर लिहायला सांगितलं: 'बाई उद्धट आहे.' तेवढ्यावर एलुबी दोन वर्षं नऊ महिने तुरुंगात राहिली. खटला नाही, तारीख नाही.

तुरुंगातही तिला कांडायलाच लावलं. साऱ्या कैद्यांचा मका तिथल्या बायकांनीच कांडायचा. एलुबी तिथं गायली नाही. सोबतच्या बायका म्हणायच्या, म्हण की तुझं कोंबड्याचं. एक पहारेकरीण तर दाराशी येऊन हळूच तेच गुणगुणायची आणि एलुबीकडं बघायची. एलुबी मुसळ उचलायची, टाकायची. दुसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. सिमेंटच्या ओल्या जमिनीवर निजून तो छातीत बसला. सुटून आली तेव्हा बोलायची तरी शब्दांच्या आधी घरघर ऐकू यायची. डोंगरापलीकडं जाणारा आवाज आता अंगणापलीकडंही जात नव्हता.

घरी लैतोनी नव्हता. ती गेल्यावर दोनच महिन्यांत त्यानं चटई गुंडाळली, सायकलीला बांधली आणि तो आपल्या आईच्या गावी परत गेला. आमच्याकडं नवरा बायकोच्या गावात पाहुणाच असतो; पाहुणा उठून गेला तर त्याला कुणी अडवत नाही. त्याला भ्यायचं कारणही होतं. एलुबी एवढंच म्हणाली, "सायकल तरी सुखी असेल."

मग अठरा वर्षं ती बटाटे पिकवत राहिली. फायनेसीच्या घरावर पत्रे चढले. दोघी एकाच पायवाटेनं पाण्याला जायच्या आणि एकमेकींना बघून न बघितल्यासारखं करायच्या.

शेवटी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचे दिवस भरले. पत्रकं फिरली, लोक रस्त्यावर आले, दुसरे पक्ष निघाले. आणि एके दिवशी बाजारातल्या रेडिओवर एलुबीचं गाणं लागलं. शहरातल्या कुणा तरुण पोरीचा गोड गळा, मागं बाजाची पेटी, ढोल, गिटार. बटाट्यांच्या ढिगामागं बसलेली एलुबी उठून उभी राहिली. पहिल्या दोन ओळी तिच्याच होत्या. पुढं होतं:

*कोंबड्याचे दिवस गेले, आता दिवा लागला,*
*नाच गं बाई नाच, आता देश जागा झाला.*

घरटं नव्हतं. अंडी नव्हती. नवा पक्ष हे गाणं सभेसभेला वाजवत होता.

तिचा पत्ता काढत नव्या पक्षाचा उमेदवार गावात आला. कोट घातलेला, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी नमस्कार करणारा.

"आजी, तुम्ही आमच्या चळवळीची आई. शनिवारच्या सभेला तुम्ही व्यासपीठावर हव्या."

"गाण्याच्या पुढच्या ओळी कुठं गेल्या?"

"ते जुनं रडगाणं आता कशाला, आजी? लोकांना उमेद द्यायचीय."

"मी येते," एलुबी म्हणाली. "पण गाणं मी म्हणणार. सगळं."

"तुमचंच आहे, म्हणा की."

शनिवारी तिला न्यायला लॉरी आली. आत बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला नव्या नेत्याच्या चेहऱ्याचं कापड. त्यांना रांगेत लावत होती फायनेसी. ती आता नव्या पक्षाच्या बायकांची पुढारी होती. तिनं एलुबीच्या हातातही एक कापड दिलं.

मैदानात चार तास ऊन होतं. नेता उशिरा आला. बायका नाचल्या, कारण नाचायचं ठरलं होतं. मग उमेदवारानं एलुबीला हाताला धरून पुढं आणलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती माइकपाशी गेली आणि त्या फुटक्या, घरघरत्या आवाजात गायला लागली. कोंबडा आरवला. कोंबडी नाचायला गेली. कोंबडी घरट्याशी आली. तिथं उमेदवारानं मागं वळून वाजवणाऱ्यांना बोटानं खूण केली. ढोल वाजला, गिटारी वाजल्या, शहरातली पोर दुसऱ्या माइकवर आली आणि 'आता दिवा लागला' म्हणत नाचू लागली. एलुबीचे ओठ हलत होते. पुढच्या रांगेतल्यांनाही ऐकू येत नव्हतं. लोक खुशीत टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, ठरल्याप्रमाणेच चाललंय.

कुणी तिला मारलं नाही. कुणी गाडीत घातलं नाही. उलट साखरेची पिशवी हातात ठेवून सन्मानानं घरी पोचवलं. एलुबी शेजारणीला म्हणाली, "त्या साहेबाला निदान माझी भीती वाटली होती गं."

त्यानंतर ती कुठल्याही सभेला गेली नाही. दर निवडणुकीला गाणं लागायचं, शब्द बदलायचे. कधी कोंबडा विरोधी पक्षाचा असायचा, कधी कर्जाचा, एकदा तर साबणाच्या जाहिरातीतही आरवला.

फायनेसीलाही पुढं नव्या लोकांनी बाजूला सारलं. तरुण बायका आल्या. मुलं शहरात गेली ती तिकडचीच झाली. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, पत्रे गंजले. एका दुष्काळी वर्षी ती काठी टेकत एलुबीच्या अंगणात आली आणि भिंतीला टेकून बसली. एलुबीनं पाणी दिलं, हात धुतले, न्सिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी पुढ्यात ठेवली. फायनेसीनं घास हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"एलुबे, तो निरोप... मला वाटलं, तू रडायला लागलीस तर सगळ्याच जणींवर बेतेल. एवढंच मनात होतं. अजून मनात धरतेस का?"

"धरते," एलुबी म्हणाली. "जेव."

फायनेसी जेवली. पुढं दर गुरुवारी यायची. एलुबी वाढायची. त्या दिवशीच्या बोलण्यापलीकडं बोलणं कधी गेलं नाही. एलुबीनं तिला माफ केलं नाही आणि उपाशीही पाठवलं नाही. दोन्ही शेवटपर्यंत पाळलं.

फायनेसी गेली तेव्हा आसपासच्या गावांतल्या बायका जमल्या. प्रेताशेजारी बसून गायची रीत आहे, आणि घरातल्या सगळ्यात जवळच्या बाईनं सुरुवात करायची. साऱ्या एलुबीकडं बघायला लागल्या. एलुबी उठली, कापड कमरेला घट्ट खोचलं आणि म्हणाली, "तुम्ही गा. एवढी माणसं आलीत, त्यांच्यासाठी मोठं पातेलं चढवायला हवं." आणि ती चुलीकडं गेली.